रिकाम्या खुर्चीचा कायदा

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातली प्रभारी कुलगुरूंची नेमणूक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2024 मध्ये रद्द केली. तेव्हापासून एक युक्तिवाद सारखा कानावर येतो. सेवाज्येष्ठता हा कारकुनी हिशेब आहे, विद्यापीठ कर्तबगार माणसावर चालतं. मग नागपूरच्या आयआयएमच्या संचालकांनी काही काळ कारभार पाहिला तर बिघडलं काय? असं म्हणणारे जाणते लोक आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

घडलं ते असं. कुलगुरू रजनीश कुमार शुक्ल यांनी ऑगस्ट 2023 मध्ये मुदतीआधीच राजीनामा दिला. ज्येष्ठतम प्राध्यापक म्हणून एल. कारुण्यकरा यांनी कार्यभार घेतला. दोनच महिन्यांत तो काढून आयआयएमचे हे संचालक भीमराय मेत्री यांच्याकडे दिला गेला आणि कारुण्यकरा न्यायालयात गेले. विद्यापीठाचा नियम सरळ आहे: कुलगुरूपद रिकामं झालं तर प्र-कुलगुरू, तेही नसतील तर ज्येष्ठतम प्राध्यापक. मेत्री यांच्या पात्रतेबद्दल माझी तक्रार नाही. पण या नियमात पात्रतेचा प्रश्नच मुद्दाम ठेवलेला नाही. शोध समिती, नावांची यादी, कुलाध्यक्षांची म्हणजे राष्ट्रपतींची निवड हे सगळं पूर्णवेळ कुलगुरूसाठी आहे. मधल्या काळात यातलं काहीच नसतं. तिथं निवडीचा अधिकार कुणाला दिला, तर तो तपासणीविना वापरला जाणार.

इथं मला बाबासाहेब आंबेडकर आठवतात. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांना एका आक्षेपाला तोंड द्यायचं होतं: 1935 च्या भारत सरकार कायद्यातला प्रशासनाचा एवढा तपशील संविधानात कशाला? त्यांचं उत्तर असं होतं की संविधानाच्या एका अक्षरालाही धक्का न लावता, केवळ प्रशासनाची पद्धत बदलून त्याचा आत्मा मारता येतो. संवैधानिक नीतिमत्ता समाजात रुजलेली नाही, ती रुजवावी लागते. तोवर तपशील विधिमंडळाच्या मर्जीवर सोडणं धोक्याचं. आज ज्याला आपण कारकुनी म्हणून हिणवतो, त्या तपशिलावर त्यांनी लोकशाहीचा भार ठेवला. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलतानाही मागासवर्गीयांना अधिसभेत जागा मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठात निर्णय कोण घेतं यावर तिथं कोण शिकतं हे ठरतं, हे त्यांनी ओळखलं होतं. वर्ध्याच्या प्रकरणात एक प्राध्यापक नियमाचं पुस्तक घेऊन केंद्रीय शिक्षण मंत्रालयाविरुद्ध उभा राहू शकला, तो अशाच तपशिलाच्या बळावर.

इथवर मी ज्येष्ठतेच्या बाजूनं बोललो. पण निकालानंतर काय झालं ते पाहिलं की एवढ्यावर थांबता येत नाही. पूर्णवेळ कुलगुरू म्हणून कुमुद शर्मा यायला 2025 उजाडलं. म्हणजे नियम पाळला गेला तरी खुर्ची हंगामीच राहिली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातही कार्यभार कधी गोंडवाना विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे, तर कधी विभागीय आयुक्तांकडे गेला. आयुक्तांच्या टेबलावर अख्ख्या विभागाचा कारभार; त्यात विद्यापीठाची फाईल कितवी? बोरगाव मेघेसारख्या वर्ध्याला लागून असलेल्या गावातली बरीच मुलं याच दोन विद्यापीठांच्या भरवशावर शिकतात. प्रभारी माणूस, कितीही प्रामाणिक असला तरी, प्राध्यापकभरती किंवा नवा विभाग असल्या दूरच्या निर्णयांना हात घालायला कचरतो, आणि ते योग्यच आहे. उद्या येणाऱ्याचे हात त्यानं बांधू नयेत. त्यामुळे रिक्त पदं रिक्तच राहतात, संशोधनाला मार्गदर्शक मिळत नाहीत. ज्येष्ठतेचा नियम मनमानी रोखतो, पण दिरंगाई त्याच्या आडोशाला सुखानं राहते.

म्हणून माझी मागणी आता पुढं सरकली आहे. राजीनामा अवचित येतो, पण पाच वर्षांची मुदत कधी संपणार हे कुलगुरू रुजू होतो त्याच दिवशी ठाऊक असतं. शेवटच्या वर्षाच्या आरंभीच शोध समिती नेमणं बंधनकारक करावं. अवचित रिकाम्या झालेल्या पदासाठी ती महिन्याभरात नेमावी. आणि पद सहा महिन्यांहून अधिक रिकामं राहिलं, तर शिक्षण मंत्रालयानं त्याची लेखी कारणं संसदेच्या सभागृहात ठेवावीत. हिंदी विश्वविद्यालय संसदेच्या कायद्यानं उभं राहिलं आहे. हा जाब तिथंच मागायला हवा, आणि तो मागण्याचं पहिलं काम वर्ध्याच्या खासदारांचं आहे.