मुखपृष्ठाचा मानपान

"आधी साइट दिसायला चांगली होऊ द्या, मग अंधांसाठी काय करायचं ते बघू," असे एका तरुण डिझायनरने परवा सहज बोलून दाखवले. आणि बोलणाऱ्याच्या मनात यत्किंचितही दुष्टावा नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक टोचले.

संकेतस्थळ सर्वांना वापरता आले पाहिजे, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे; डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेला आहे; आणि वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मापेही घालून दिली आहेत, की सामान्य आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान ४.५ : १ असावे आणि अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर तुटू नये. तेव्हा कायदा स्पष्ट आहे, मापे ठरलेली आहेत, तरी पाने जशीच्या तशीच. सबब दोष 'दिसण्या'च्या हव्यासाचा असला पाहिजे, आणि रूप नावाची गोष्टच हद्दपार करून नुसता मजकूर ठेवावा, असा कौल मी मनोमन देऊन टाकला.

त्याला आधारही होता. एखाद्या दाखल्यासाठी अर्ज भरायला घ्यावा, तर चौकटीच्या आतच फिकट राखाडी अक्षरांत 'जन्मदिनांक' असे लिहिलेले असते आणि पहिला आकडा टाकताच ते नाहीसे होते. चौकटीच्या वर तिचे नाव नसते, कारण नावांनी पान भरल्यासारखे दिसते. तारीख चुकली तर चौकटीची कड तांबडी होते, एवढेच. काय चुकले हे शब्दांत कोणी सांगत नाही, आणि ज्याला तांबडा व हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. भर दुपारी एस.टी. स्थानकावर मोबाइल हातात धरून उभ्या असलेल्या डोळसाची गतही फारशी निराळी नाही: पांढऱ्यावरच्या त्या राखाडी अक्षरांतून देवनागरीचे अनुस्वार आणि खाली लोंबणारे उकार सर्वांत आधी लोपतात. याला साधेपणा म्हणण्याची रीत आहे. परंतु साधेपणा कोणाच्या सोयीचा, लिहिणाऱ्याच्या की वाचणाऱ्याच्या, हा भेद मला सर्व मांडणीच्या मुळाशी आहे असे वाटत आले आहे.

या भेदाचा विचार करताना मोडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरांची सलग माळ लावीत जाई; ऱ्हस्वदीर्घाचा मुलाहिजा नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हांचे नाव नाही. हात भरभर चालावा एवढ्याचसाठी ही तजवीज होती, आणि ज्या दप्तरात वाचणाराही तसाच सरावलेला कारकून होता तेथे ती शोभून दिसली. पोथी लिहिताना मात्र तोच समाज बाळबोध अक्षराकडे वळे, कारण पोथी अनोळखी वाचकाच्या हाती जायची असते. आज पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल मोजक्याच जाणकारांना उलगडता येतात. मोडीला बोल लावण्यात अर्थ नाही. पण अनोळखी वाचकासाठी मोडीत लिहिणाऱ्याला बोल लावण्यात पुष्कळ अर्थ आहे.

माझा डिझायनर मात्र एवढ्याने नमणारा नव्हता. त्याने विचारले, की कागदाचे छायाचित्र काढून पीडीएफ म्हणून चढवलेले सरकारी परिपत्रक पाहिले आहे का? त्यात रंग नाही, नक्षी नाही, रूपाचा हव्यास तर मुळीच नाही. तरी अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते मुके चित्रच, आणि डोळसालाही शीर्षक व अंतर यांवाचून ती पाने म्हणजे निबिड अरण्य. हे त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. पण त्याच मुद्द्याने त्याचे 'आधी' आणि 'मग' हेही निकालात निघतात. मोठ्या अक्षरांत रंगवलेले शीर्षक पानाच्या रचनेत शीर्षक म्हणून नोंदवले नाही, तर शीर्षकाशीर्षकावरून उड्या घेत वाचणाऱ्या अंध वाचकाला ते सापडत नाही. आणि नोंदवले, तर डोळ्यांना दिसणारी उतरंड व कानांना ऐकू येणारी उतरंड एकच होते. म्हणजे रूप हद्दपार करण्याची माझी गोष्ट जशी फोल, तशी ते आधी उरकण्याची त्याचीही.

मग ही उतरंड ठरवतो कोण? येथे मला डिझायनरची कीव येऊ लागली. मुखपृष्ठावर मान्यवरांची छायाचित्रे हवीत, सरकती सूचना हवी, प्रत्येक शाखेची चौकट हवी आणि तीही शेजारच्या शाखेपेक्षा लहान नको. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली यांच्या गर्दीत मुहूर्त शोधावा लागणारी लग्नपत्रिका जशी, तसे हे पान. कोणालाच वगळण्याची मुखत्यारी हाती नसल्यामुळे बिचाऱ्यापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे सर्वांचाच आवाज सारखा उतरवणे; आणि ज्या फिकट अक्षरांना मी त्याच्या आवडीचे पाप समजत होतो, ती पुष्कळदा त्या मानपानाची तडजोड असतात.

सबब माझी फिर्याद आता वरच्या दारी जाते. रंग, अक्षरवळण, चित्रे यांचे नाव काढण्यापूर्वी लोक या स्थळावर कोणत्या पाच कामांसाठी येतात आणि त्यांतले पहिले कोणते, हे साध्या कागदावर ओळीने लिहून त्याखाली खातेप्रमुखाने सही करावी. अक्षराचा उजळपणा मोजण्याचे माप कायद्याला सापडले आहे. क्रम मोजण्याचे सापडलेले नाही, म्हणून तो कोणीतरी ठरवावाच लागतो. ती यादी करताना दहा जणांना नाही म्हणावे लागेल, आणि ते काम डिझायनरच्या मानधनात बसत नाही; खातेप्रमुखाच्या पगारात बसते.