बाण लागलेलं हरीण कुठं गेलं?



आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व, राजा परीक्षित आणि शमीक ऋषी. जोडीला श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, अध्याय 18 आणि 19.

सोंगणी आटोपली, शेतातली धामधूम कमी झाली की आपल्या वऱ्हाडात गावोगावी भागवत सप्ताह बसतो. अकोल्याहून अमरावतीकडं कुठल्याही रस्त्यानं या, मंडप दिसतो, भोंगा ऐकू येतो. शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आपण लहानपणापासून हे बघतो, पण सप्ताह सातच दिवसांचा का, हे विचारायचं राहून जातं. राजा परीक्षिताजवळ सातच दिवस उरले होते, म्हणून. आणि ते सातच दिवस का उरले, याचा माग काढत गेलो तर आपण एका जखमी हरणापाशी पोचतो.

महाभारतात गोष्ट अशी येते. परीक्षित शिकारीला गेला. त्यानं एका हरणाला बाण मारला. बाण लागला, पण हरीण पडलं नाही. ते रानात पळालं आणि दिसेनासं झालं. राजा धनुष्य घेऊन मागं धावत सुटला. आजवर त्याच्या बाणानं घायाळ झालेलं एकही हरीण जिवंत निसटलं नव्हतं. राजाचं वय तेव्हा साठ. दमला, भुकेजला, तहानेनं घसा कोरडा पडला. हरीण काही सापडलं नाही.

मग त्याला शमीक ऋषी दिसले. गाईंच्या गोठणावर बसलेले. वासरं दूध पिताना त्यांच्या तोंडातून जो फेस गळतो, त्यावर हा माणूस जगत होता. वासराचं पोट भरल्यावर जे सांडेल, तेवढंच आपलं. राजानं आपली ओळख सांगितली आणि विचारलं, मी बाण मारलेलं हरीण हरवलंय, तुम्ही पाहिलं का?

ऋषींचं मौन होतं. ते बोलले नाहीत. राजाला राग आला. जवळ एक मेलेला साप पडला होता. तो धनुष्याच्या टोकानं उचलून त्यानं ऋषींच्या खांद्यावर टाकला आणि निघून गेला. ऋषी तरीही काही बोलले नाहीत. पुढं त्यांच्या मुलाला, शृंगीला हे कळलं आणि त्यानं शाप दिला : सातव्या दिवशी तक्षक नाग या राजाला दंश करील.

भागवतात जखमी हरणाचा हा तपशील नाही. तिथं राजा हरणांच्या मागं फिरून तहानलेला आहे, पाणी मागतो आणि शमीक समाधीत असल्यामुळं त्याला कुणी विचारत नाही. पुढचं सगळं साधारण तेच. पण आज मला महाभारतातल्या त्या हरवलेल्या हरणापाशीच थांबायचंय.

राजाचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. हरीण कुठं गेलं? त्या जीवाचं काय झालं असेल, हे त्यानं विचारलं नाही. बाण लागल्यावर हरीण दर वेळी जागेवर पडत नाही. ते अंगात बाण घेऊन जमेल तेवढं पळतं, मग एखाद्या झुडपाच्या आडोशाला बसतं. तिथं त्याच्याजवळ कुणी नसतं. राजाच्या डोक्यात मात्र एवढंच होतं की माझा नेम आजवर फुकट गेला नाही, मग आज हे असं कसं झालं?

आणि हा राजा कोण होता? आईच्या गर्भात असताना ज्याच्यावर अश्वत्थाम्यानं अस्त्र सोडलं, तो हा उत्तरेचा मुलगा. श्रीकृष्णानं वाचवलं म्हणून तो जन्माला आला. अस्त्राचा घाव आणि भगवंताची कृपा, दोन्ही ज्यानं जन्माआधीच पाहिलं, तोच साठाव्या वर्षी एका मुक्या जीवाला घायाळ करून फक्त आपल्या नेमाचा हिशोब करत रानात फिरतोय. परीक्षित वाईट राजा नव्हता. कलीला आवर घालणारा, प्रजेला सांभाळणारा राजा होता. म्हणून तर ही गोष्ट आपल्यासाठी आहे. चांगल्या माणसाच्या हातूनही बाण सुटतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठं धनुष्य आहे? शिकारीला तर कायद्यानंच बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. हरणावर बाण चालवा की बंदूक, गुन्हाच आहे. खरंय. पण आपले बाण दुसरे आहेत.

समजा, एमपीएससीचा निकाल लागला. एका मित्राचं तिसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. कुणीतरी ग्रुपवर टोमणा मारला, बाकीच्यांनी हसायचे इमोजी टाकले. तो काहीच बोलला नाही. रात्री ग्रुपमधून निघून गेला. मग ज्यानं टोमणा मारला तोच म्हणतो, "एवढं काय लागलं बावा त्याले? गंमत तं केली होती!" दोन महिन्यांनी त्याला फोन, "काहून बे, कुठं गायब झाला?" मेसेज वाचला जातो, उत्तर येत नाही.

हा अगदी परीक्षिताचाच प्रश्न आहे. कुठं गेला? बाण लागला म्हणून तो गेला, हे विचारणाऱ्याच्या लक्षात नाही. जखमी माणूस नजरेआड गेला की आपल्याला वाटतं, विषय संपला. खरं तर आपल्यापुरता तो दिसेनासा झालेला असतो. बाण त्याच्या अंगात तसाच असतो.

पुढची पायरी मेलेल्या सापाची. त्या मित्राचं उत्तर नाही आलं, आपण आतून चिडलेलो, आणि स्वयंपाकघरात माय काही न बोलता पोळ्या लाटत असते. राग निघतो तिच्यावर. "तू तरी बोल ना काही!" जो गप्प आहे, जो उलटून मारणार नाही, त्याच्याच खांद्यावर आपण साप टाकतो. शमीकांनी राजाचं काय बिघडवलं होतं? चूक हरणाच्या बाबतीत झाली, शिक्षा मौन धरलेल्या माणसाला. आज रात्री झोपण्याआधी स्वतःला एवढंच विचारा : माझा राग खरं तर कुणावर होता, आणि तो निघाला कुणावर?

शमीक काय करतात, तेही पाहा. मुलानं शाप दिल्याचं कळल्यावर त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी मुलाला समजावलं की हा प्रजेचं रक्षण करणारा राजा आहे, भुकेला आणि थकलेला होता, माझं मौन त्याला माहीत नव्हतं. आणि गौरमुख नावाच्या शिष्याला राजाकडं पाठवून सावध केलं. ज्याच्या खांद्यावर मेलेला साप पडला, तोच साप टाकणाऱ्याच्या जिवाची काळजी करतो. दुखावलेल्या माणसानं कसं वागावं याचा याहून मोठा धडा मला तरी माहीत नाही.

राजा तिथून कसा सावरला? भागवत सांगतं की शापाची बातमी यायच्या आधीच, घरी पोचल्यावर, त्याला आपल्या कृत्याची लाज वाटली. त्यालाच वाटलं की मला याची शिक्षा मिळावी, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. महाभारतात गौरमुखाचा निरोप ऐकल्यावर त्याला मरणापेक्षा आपल्या करणीचं दुःख जास्त झालं. पुढं भागवतातला परीक्षित राज्य सोडून गंगेकाठी बसतो. शुकाचार्य येतात. तो विचारतो, ज्याचं मरण जवळ आलंय त्यानं काय करावं? गोठणावर राजा 'माझं हरीण कुठं' म्हणून विचारत होता, गंगेकाठी 'मी काय करावं' म्हणून विचारतोय. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण दर वर्षी मंडपात बसून सात दिवस ऐकतो.

मग आपण हरवलेल्या मित्रामागं धावायचं का? इथं रानातली एक गोष्ट कामाची आहे. जखमी हरणाचा पाठलाग केला, गर्दी केली, आरडाओरडा केला, तर ते घाबरून आणखी पळतं आणि त्या धसक्यानंच मरू शकतं. त्याला शांतता लागते, अंतर लागतं आणि जाणकार हात लागतो. माणसाचंही तसंच. दहा फोन, पंधरा मेसेज, "उत्तर दे ना", ही शिकारच झाली. एकच निरोप पुरे : "मी बोललो ते चुकलं. तुला लागलं असेल. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मी आहे." मग थांबायचं. आपलं समाधान व्हावं म्हणून त्याच्याकडून क्षमा ओढून आणायची नाही.

आणि खरंखुरं हरीणसुद्धा विसरू नका. अमरावतीहून चांदूर रेल्वेला जाताना पोहऱ्याचं जंगल लागतं, परतवाड्याहून धारणीला जाताना मेळघाट. काटेपूर्णा अभयारण्य तर अकोलेकरांच्या जवळच आहे. रात्री अशा रस्त्यावर गाडीच्या उजेडात एक सावली येते, धडक बसते आणि ती सावली अंधारात नाहीशी होते. "गेलं पळून, वाचलं असेल" म्हणून पुढं निघू नका. सुरक्षित जागी गाडी थांबवा. त्याच्यामागं रानात शिरू नका, फोटो काढत बसू नका. वनविभागाचा 1926 हा नंबर फिरवा, जागा नीट सांगा. भक्ती कधीकधी एका फोनएवढीच असते.

त्या हरणाचं पुढं काय झालं, व्यासांनी सांगितलेलं नाही. राजाला मोक्ष मिळाला, शुकांची वाणी जगाला मिळाली, आपल्याला सप्ताह मिळाला. हरीण मात्र त्या पहिल्याच पानावर रानात शिरलं, ते परत आलं नाही. पुढच्या सप्ताहात महाराज परीक्षिताची कथा सुरू करतील, तेव्हा हात जोडताना त्याचीही आठवण असू द्या.

आजचा संकल्प : माझ्या बोलण्यानं जो माणूस गेल्या वर्षभरात दूर गेला, त्याचं एक नाव मनात आणीन. आज त्याच्यासाठी प्रार्थना करीन आणि उद्या त्याला एकच साधा निरोप पाठवीन.

आजची प्रार्थना : हे गोविंदा, गर्भातल्या परीक्षिताला तू राखलंस. माझ्या बाणानं जे घायाळ झाले आणि मला दिसेनासे झाले, ते तुला दिसतात. त्यांच्याजवळ तू बैस.

उद्याचं वाचन : भागवत, दुसरा स्कंध, अध्याय 1. शुकाचार्यांचं उत्तर.

जय गजानन!