प्रमाणपत्र आणि हिशेबपट्टी

युरोप-अमेरिकेतल्या कपड्यांच्या ब्रँडांना एक प्रश्न नेहमी छळतो. दूरदेशीचा पुरवठादार ‘सेंद्रिय’, ‘नैतिक’, ‘शाश्वत’ असे दाखले धाडतो. ते खरे मानायचे कशाच्या भरवशावर? या प्रश्नातला दूरदेश म्हणजे आपण. शहादा शहराला लागून असलेले लोणखेडा, भोवतालच्या शिवारातला कापूस, वीस-पंचवीस किलोमीटरवर मध्य प्रदेशातली खेतिया मंडी आणि तिच्यापलीकडे बडवानी-खरगोनचा निमाड, हे त्या साखळीचे पहिले टोक. दाखल्यांच्या चर्चा मात्र दुसऱ्या टोकाला, वातानुकूलित खोल्यांत होतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गॉट्स’ या सेंद्रिय वस्त्रांच्या जागतिक मानकसंस्थेने जाहीर केले की, भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. त्या वेळच्या भारतीय सेंद्रिय उत्पादनाचा हा जवळजवळ सहावा हिस्सा. अकरा कंपन्यांवर दोन वर्षांची बंदी आली. यातली मेख अशी की, दाखले तपासलेच नव्हते असे नाही. सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल करून कागदावरचा क्यूआर कोड तिकडे वळवलेला होता. खरेदीदाराने कोड स्कॅन केला, पडद्यावर ‘वैध’ दिसले, काम झाले. कागदाने कागदाची साक्ष काढली.

आता साधा हिशेब मांडू. ती सगळी रुई धरली, तर १७० किलोच्या सव्वा लाखाला थोड्या कमी गाठी होतात. एका क्विंटल कापसातून चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे जवळपास सहा लाख क्विंटल कापूस. कोरडवाहूला एकरी पाच क्विंटल पडला असे मानले, तर एक लाखाहून जास्त एकर रान लागेल. एवढे रान, एवढ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, एवढे वेचणारे हात हवेतून येत नाहीत. जिनिंगच्या काट्यावर उभा असलेला कोणताही हमाल हे सांगू शकला असता. पण त्याला विचारण्याची पद्धत या व्यवसायात नाही.

दाखला तपासण्याचे जे नियम परदेशी खरेदीदाराला शिकवले जातात, ते चुकीचे नाहीत. कारखान्याचे ‘स्कोप सर्टिफिकेट’ एवढेच सांगते की, या कारखान्याला सेंद्रिय माल हाताळता येतो. तुमच्या हातातला माल सेंद्रिय आहे हे सांगणारा कागद वेगळा, ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’, आणि तो प्रत्येक खेपेचा निराळा असतो. पहिला दाखवून दुसऱ्याचे काम भागवणे ही जुनीच चलाखी. ‘ओको-टेक्स’चा लोकप्रिय शिक्का घातक रसायनांची चाचणी झाल्याचे सांगतो; कापूस कसा पिकला याच्याशी त्याचा संबंध नाही. एवढे कळले तरी निम्मी फसवणूक टळते. उरलेली निम्मी मात्र गावात आहे.

लहान शेतकऱ्याला एकट्याने प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून गट केला जातो. गटाचा अंतर्गत तपासनीस प्रत्येकाचे शेत पाहतो, डायरी भरतो आणि बाहेरची संस्था त्यातली काही शेते नमुन्यादाखल तपासते. कल्पना चांगली आहे. पण प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या नावावर निघत नाही, ते गट चालवणाऱ्याच्या ताब्यात राहते. गट चालवणारी संस्था किंवा कंपनी बहुधा शहरातली. शेतकऱ्याला आपला माल सेंद्रिय म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याला विकायचा असेल, तर त्याच्या हातात काहीच नसते. उलट, तो रासायनिक शेती करत असला तरी यादीत त्याचे नाव, सातबारा आणि आधारची झेरॉक्स असू शकते. खत-बियाण्याच्या कुठल्याशा योजनेसाठी म्हणून दिलेली झेरॉक्स कुठे पोचली, हे कोण बघायला जातो? तपासणाऱ्याच्या पगाराचा खर्च ज्याची तपासणी व्हायची त्याच्याच खिशातून निघतो, हे तर सगळ्या साखळीचे जुने दुखणे.

म्हणून माझे म्हणणे असे की, खरेदीदाराने प्रमाणपत्राच्या आधी दोन साध्या पावत्या मागाव्यात. एक बियाण्याची. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज बहुतेक सगळे क्षेत्र बीटीखाली आहे. सेंद्रिय शेतीत जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. मग या गटाने बिगर-बीटी बियाणे आणले कुठून, किती पाकिटे, कोणत्या दुकानातून? दुसरी पावती कापूस विकल्याची, म्हणजे हिशेबपट्टी. तिच्यावर वजन असते, भाव असतो, कपात असते. सेंद्रिय म्हणून यादीत असलेल्या शेतकऱ्याला खेडा खरेदीत किंवा खेतियाच्या लिलावात शेजाऱ्याएवढाच भाव मिळाला असेल, तर ‘सेंद्रिय’ हा शब्द त्या कापसाला पुढे कुठेतरी, शेतकऱ्याच्या पाठीमागे चिकटला आहे. जादा भाव न देता सेंद्रिय कापूस वर्षानुवर्षे मिळत राहतो, असे मानणारा खरेदीदार एक तर भोळा, नाहीतर सोयीने भोळा.

याउलट उदाहरण फार लांब नाही. खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदजवळ ‘बायोरे’ या सेंद्रिय कापसाच्या प्रकल्पाचे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. स्वित्झर्लंडच्या रेमेई कंपनीने तिथे खरेदीची हमी आणि भावावर प्रीमियम देऊन शेतकरी बांधून घेतले. तिथल्या शेतकऱ्याला खरेदीदार कोण हे माहीत असते. दाखला तिथेही आहेच, पण नाते आधी आले आणि दाखला मागून.

मजुरीच्या बाजूला कागदाची अब्रू आणखी वाईट गेली आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला एसए ८००० हे कामगारहिताचे प्रमाणपत्र मिळाले आणि जेमतेम तीन आठवड्यांत, ११ सप्टेंबर २०१२ ला, तिथल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे मेली. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ११३४ जण गेले. आतल्या दोन कारखान्यांचे सामाजिक लेखापरीक्षण झालेले होते. भिंतीच्या भेगा आदल्या दिवशी कामगारांना दिसल्या होत्या. कागदाला जे दिसत नाही ते कामगाराला दिसते, हे शहाद्याला नवे वाटू नये. १९७२ मध्ये इथेच, आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या साथीने, श्रमिक संघटना उभी राहिली ती जमीन आणि मजुरीच्या प्रश्नावर. कोणाच्या चेकलिस्टमधून नव्हे. वेचणीची मजुरी आजही किलोवर मिळते. संध्याकाळी बांधावर स्प्रिंगचा काटा कोण धरतो आणि गाठोडे तोलताना ओलीच्या नावाने किती वजा होते, हा रकाना मी कोणत्याही तपासणी फॉर्मवर पाहिलेला नाही.

उपग्रहाने शेत ओळखू, ब्लॉकचेनवर नोंद ठेवू, असे उपाय आता पुढे येत आहेत. शेते मोजायला उपग्रह उपयोगी पडेल. पण ब्लॉकचेनवर पहिली नोंदच खोटी पडली, तर पुढे तीच खोटी नोंद पुसता येत नाही, एवढाच फरक. त्यापेक्षा स्वस्त उपाय सांगतो: गटातल्या शेतकऱ्यांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे क्षेत्र आणि अंदाजे उत्पादन लिहून, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. कोणाच्या रानात काय उभे आहे, हे गावाला पाठ असते. कंपन्या याला व्यापारी गुपित म्हणतील. शेतकऱ्याचे स्वतःचे नाव त्याच्यापासूनच गुपित ठेवायचे कारण काय, हे त्यांनी सांगावे.

कायदा हळूहळू इकडे सरकतो आहे. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली. युरोपीय संघात मोघम ‘हरित’ दावे रोखणारे नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करायचे ठरले. मग ब्रँडांची ठरलेली तक्रार येते, की एवढी तपासणी आणि जादा भाव परवडणार नाही. एका टी-शर्टाला, सुताची आणि कटिंगची घट धरून, पाव किलो रुई लागते असे माना. तिला पाऊण किलोच्या आत कापूस पुरतो. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ८,११० रुपये दराने, तो साठेक रुपयांचा होतो, आणि त्यात सरकीही आली. शेतकऱ्याला दहा टक्के जादा दिले, तर टी-शर्टामागे सहा रुपये.