नाम न घेता बसावे काय?

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने दहा दिवस नाम न घेता, मौन धरून, नुसते श्वासाकडे पाहत बसावे काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण भोसरीत तो आता आम्हांस वरचेवर विचारला जातो. कारण उघड आहे. आळंदीच्या पुढे मरकळ गावी ‘धम्मानंद’ नावाचे विपश्यनेचे केंद्र आहे, आणि एम.आय.डी.सी.तली मंडळी रजा टाकून तिथे जातात. आठ-आठ तास प्रेसचा दणका कानांवर घेणाऱ्याला शांततेची भूक लागावी, यात नवल ते काय! परवा एका माळकऱ्याने विचारले, “महाराज, मुलगा जाऊन आला. मलाही चला म्हणतोय. पण तिथं हरिपाठ म्हणायचा नाही, उपास धरायचा नाही, जपाची माळसुद्धा आणायची नाही. गेलो तर पांडुरंगाला सोडल्यासारखं होईल का?”

‘सगळे मार्ग एकच, जा खुशाल’ असे सांगून त्यांची बोळवण करता आली असती. पण ते उत्तर आळसाचे. मार्ग एकच असते तर त्यांनी जप थांबवायला कशाला सांगितले असते? त्यांचा नियम स्वच्छ आहे: पूजा, प्रार्थना, जप, उपवास, सारे दहा दिवस बाजूला ठेवायचे, म्हणजे ही विद्या दुसऱ्या कशाची भेसळ न होता पारखता येते. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, रात्री साडेनऊला निजणे. पहिले तीन दिवस नाकाशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासावर लक्ष, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या. दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचे नाही. पैसा मागत नाहीत. शिबिर पुरे केल्यावर ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे. (बिदागी ठरवल्याशिवाय वीणेला हात न लावणाऱ्या आमच्या काही बंधूंनी हे ऐकून ठेवावे.)

ज्यांनी ही पद्धत भारतात आणली त्या सत्यनारायण गोयंका यांनाही हाच प्रश्न पडला होता. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे सनातनी मारवाडी घरात त्यांचा जन्म झाला. असह्य डोकेदुखीपायी १९५५ मध्ये ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. पण जाण्याआधी, आपला धर्म सुटेल की काय, या भयाने त्यांचे पाय अडखळले होते. १९६९ मध्ये ते भारतात आले, पुढे इगतपुरीचे केंद्र उभे राहिले, आणि २०१३ साली ते निवर्तले.

आता हे बसणे आपल्याला परके आहे काय? संस्कृतातले ‘ध्यान’ पालीत ‘झान’ झाले, चीनमध्ये ‘चान’ झाले, जपानात जाऊन ‘झेन’ झाले. ज्या झेनचे आज परदेशी कौतुक आहे, तो शब्द आपल्या पाठशाळेतला! माउलींनी सहाव्या अध्यायात आसन आणि प्राण यांचा केवढा विस्तार केला आहे, आणि त्यांची गुरुपरंपरा तर नाथांचीच. पण तेच माउली हरिपाठात योगयागाचा आग्रह बाजूला सारून नाम हाती देतात. ज्याला बसण्याचे मर्म ठाऊक होते त्याने ते प्रपंचातल्या माणसावर लादले नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. शिवाय संतांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आणि त्याच्या मौनाचे कौतुक केले. २५ डिसेंबर १९५४ रोजी इथूनच जवळ देहूरोडला बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, असे मत मांडले. त्याचा निवाडा इतिहासकार करोत. आम्हांस एवढेच दिसते, की विटेवरचा देव स्वतः गप्पच उभा आहे.

गंमत अशी, की हा वाद जपानातही आहे. तिथे दोगेन (१२००–१२५३) नावाचे आचार्य झाले. चीनहून १२२७ साली परतल्यावर त्यांनी शिकवले, की बसणे हे कशाचे साधन नव्हे. बसणे हेच पुरे. आणि त्यांच्याआधी, ११७५ पासून, होनेन हे सांगत होते, की या काळच्या माणसाला एवढे झेपायचे नाही; त्याने अमिताभ बुद्धाचे नाम घ्यावे. त्यांचे शिष्य शिनरान आणखी पुढे गेले: नाम मी घेतो असेही नव्हे, ते मला दिले जाते. वाचून आम्ही थक्क झालो. पंढरीपासून इतक्या दूर, आणि भाषा जणू वाळवंटातली!

पण नुसत्या वाचनाने उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून त्या माळकऱ्याच्या घरी, त्याच्या मुलाबरोबर, आम्ही तासभर बसून पाहिले. वीणा नाही, टाळ नाही, ओठ मिटलेले. पहिली पंधरा मिनिटे गुडघ्यांनीच कीर्तन केले. पुढे श्वास सापडला, आणि त्याच्या मागोमाग न बोलावता नाम आले. चाळीस वर्षांची जिभेची सवय, ती कुठे जाणार? मुलाला विचारले, आता काय करायचे? तो म्हणाला, “आलं तर येऊ द्यायचं, धरायचं नाही, हाकलायचं नाही. परत श्वासाकडे यायचं.” पोराने आम्हांस ‘करणे’ आणि ‘होणे’ यांतला भेद दाखवला. नाम करू नका, एवढेच ते म्हणतात. जे आपोआप होते त्यावर कुणाचा नियम चालतो?

येथे एक पळवाट आहे, तीही सांगून ठेवतो. श्वासच मुळी ‘सोऽहम्’ म्हणतो, तोच अजपाजप, तेव्हा आत बसून गुपचूप आपला जप चालू ठेवावा, म्हणजे त्यांचाही नियम राहिला आणि आमचाही, असे शास्त्र आम्हीही रचू शकतो. पण अर्जावर सही करून, नियम पाळीन असा शब्द देऊन मुद्दाम जप चालवणे, ही चोरी होय. देवाच्या नावाने केली तरी चोरीच. इतके दिवस नाम मुद्दाम न घेणे ज्याच्या जिवाला सोसत नाही त्याने जाऊ नये, त्यात काही उणे नाही. तुकोबारायही भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर एकांतात बसलेच की! पण ते नाम घेऊन बसले.

राहिली एकादशी. ती सोडा असे आम्ही कुणाला सांगणार नाही. पण सोडायचे कारणच नाही. एका एकादशीपासून दुसरीपर्यंत चौदा-पंधरा दिवस असतात. शिबिराचे दहा दिवस आणि येण्याजाण्याचे दोन, असे बारा झाले. द्वादशीला पारणे सोडून निघाले तर पुढच्या एकादशीच्या आत माणूस घरी येतो. पंचांग आणि शिबिरांच्या तारखा शेजारी ठेवून तेवढे जुळवावे. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत मात्र हा विचारच नको.

जपाची माळ घरी देवापाशी ठेवता येते. ती साधन आहे. गळ्यातली तुळशीची माळ साधन नव्हे, ते व्रत आहे, मरेपर्यंतचे. तेव्हा अर्ज भरतानाच स्पष्ट विचारावे, की ही गळ्यात राहील, चालेल काय? हो म्हणाले तर जावे. नाही म्हणाले तर राम राम करून परत यावे, आणि वाटेत आळंदीला उतरून माउलींचे दर्शन घ्यावे.