वाळूजला निघण्यापूर्वी

आयटीआयचा निकाल लागला की वाशीम जिल्ह्यातल्या शेतकरी घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. सोयाबीनला भाव काय लागणार, आणि पोरगा कुठं लागणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशा रस्त्यानं जातं. छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज, नाही तर थेट पुण्याकडचं चाकण. फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेल्या मुलाला तिथल्या कारखान्यांतून ‘ट्रेनी’ म्हणून बोलावणं येतं आणि घरात चर्चा होते ती फक्त आकड्याची.

आकडा लहान आहे, हे खरंच. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं आयटीआय उत्तीर्ण मुलाचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे महिनाभराच्या हजेरीचं मोल दीड क्विंटल सोयाबीनइतकंही नाही. त्यातून खोलीचं भाडं आणि मेस वजा करा. उलट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये आयटीआयवाल्याला ८,००० रुपये जाहीर झाले, आणि ते घराजवळच्या एखाद्या कार्यालयात बसूनही मिळू शकत होते. मग परमुलखात लोखंडाशी झटायला जायचं कशाला, असं बापानं विचारलं तर तो चुकला असं म्हणता येत नाही.

तरी हा हिशेब अपुरा आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीवर उभा आहे. इथलं धातूकाम म्हणजे वखराची पास पाजवून देणारा लोहार आणि ट्रॉल्या, पेरणीयंत्रं जोडणारी वेल्डिंगची दुकानं. या दुकानांत हात चांगला बसतो. पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरून रोज शेकडो नग काढायची शिस्त मोठ्या कारखान्यातच अंगी लागते. ती शिकायला मिळणार असेल तर वर्षभराची ओढाताण परवडते.

आणि इथंच मेख आहे. सीएनसी यंत्रावर उभा केलेला मुलगा दोन तऱ्हेचं आयुष्य जगू शकतो. एक म्हणजे नग चकमध्ये लावायचा, दार बंद करायचं, बटण दाबायचं, तयार नग काढायचा. पाळी संपेपर्यंत हेच. दुसरा ड्रॉइंग वाचतो, टूल बदलतो, ऑफसेट देतो, पहिला नग मायक्रोमीटरनं तपासतो आणि माप का सरकलं ते शोधतो. पहिल्याला ऑपरेटर म्हणतात, दुसरा सेटर होतो. बाजारात भाव दुसऱ्याला आहे. पहिल्याचं काम कुणीही आठवड्याभरात उचलतं, म्हणून त्याच्या जागी नवा ट्रेनी आणणं कारखान्याला स्वस्त पडतं.

हे सगळं कायद्याला ठाऊक नाही असं नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा सांगतो की उमेदवाराला नगावर पैसे देता येणार नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेतही ओढता येणार नाही. त्याचा लेखी करार झाला पाहिजे आणि तो नोंदणीसाठी पाठवला पाहिजे. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची. प्रेसशॉपमध्ये बोटं गेलेले कामगार पाहिलेल्यांना या कलमाचं मोल वेगळं सांगायला नको. दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे: उमेदवार हा कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हणजे हमी नव्हे.

गोंधळ असा की कारखान्याच्या फाटकावर ज्याला ‘ट्रेनी’ म्हणतात तो दरवेळी या कायद्याखालचा नसतो. मधल्या काळात या कायद्याबाहेर ट्रेनी घेऊ देणारी ‘नीम’ नावाची योजना आली. प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मनुष्यबळ वापरलं जातं, अशी कामगार संघटनांची तिच्यावर टीका होती. पुढं ती गुंडाळली गेली. कंत्राटदारामार्फत घेतलेल्या साध्या मजुरालाही ‘ट्रेनी’चंच ओळखपत्र गळ्यात घालता येतं. रोजगार मेळाव्यातल्या टेबलापलीकडचा माणूस हा फरक आपणहून सांगेल, अशी आशा धरू नये.

उलट उदाहरणही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला, तेव्हा तिथं तयार कारागीर कुठले मिळणार? माणसांना शिकवूनच लोखंडी नांगर घडवावा लागला. शिकवणं ही तिथं कारखान्याचीच निकड होती. आजच्या मालकाची निकड तीच आहे का, हे प्रत्येक कारखान्यापुरतं तपासावं लागतं.

म्हणून जावं, पण विचारून. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला करार आणि वर्षात एकाहून अधिक यंत्रांवर काम, या दोन गोष्टी मिळत असतील तर ७,००० रुपयांतही ती जागा घ्यावी. मिळत नसतील तर १५,००० सांगितले तरी तिला नोकरीच समजावं आणि नोकरीसारखाच भविष्यनिर्वाह निधी, विमा मागावा. सही करण्याआधी करारपत्र आपल्या आयटीआयच्या निदेशकाला दाखवावं. मूळ प्रत हाती देत नसतील, तर निदान मोबाइलवर फोटो काढून आणावा.