उरलेल्या बळाचा मोह

दोन इंजिनांच्या लहान विमानाचे एक इंजिन आकाशात बंद पडले, तर विमान निम्म्या जोमाने का होईना, चढत राहील असा सामान्य मनुष्याचा हिशेब असतो. तो साफ चुकीचा आहे. बळ निम्मे जाते; चढण्याची शक्ती मात्र शेकडा 80 किंवा त्याहूनही अधिक जाते. कारण बळाचा बराच भाग विमान नुसते उडते राखण्यात खर्ची पडतो. चढणे होते ते उरलेल्यावर. गृहस्थास हे गणित समजावून सांगणे नलगे. मिळकत निम्मी झाली म्हणजे शिल्लक निम्मी होत नाही, बहुधा संपतेच.

परंतु खरा धोका निराळा आहे. पुष्कळदा बंद इंजिन विमान पाडीत नाही, चालू इंजिन पाडते. ते एकाच बाजूने ओढीत असल्यामुळे विमानाचे नाक मृत बाजूस वळते. वैमानिक पायाने सुकाणू दाबून ते सरळ राखतो. पण सुकाणूस बळ येते वाऱ्याच्या झोतापासून. वेग ठराविक मर्यादेखाली गेला की पाय कितीही रेटला तरी पुरत नाही, आणि धडधाकट इंजिन विमानास उलथून टाकते. ही मर्यादा वेगदर्शकावर तांबड्या रेघेने दाखविलेली असते. तेथे उपाय एकच : चालू इंजिनाचे बळ कमी करावे आणि नाक खाली करावे. चाके नुकतीच सुटली असून पुढे धावपट्टी शिल्लक असेल, तर दोन्ही इंजिनांचे बळ काढून समोरच उतरावे.

उरले आहे तेही आपल्या हाताने सोडावयाचे! येथेच हात अडखळतो.

मग सोडणे हाच धर्म काय? तसेही नाही. 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेई येथे एका मोठ्या, दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचा उजवा पंखा यंत्रदोषाने आपोआप निष्क्रिय झाला. चालकाने घाईने डाव्या, म्हणजे सशक्त इंजिनाचे बळ काढले, पुढे तेच बंद केले. 58 जणांपैकी 43 मृत्यू पावले. कृती बाहेरून पाहता तीच. एके ठिकाणी ती तारते, दुसरीकडे मारते. भेद त्यागात नसून त्यामागील ज्ञानात आहे.

ते ज्ञान मिळविण्याची रीत अगदी साधी आहे. ज्या पायास जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचे इंजिन मेले असे समजावे. तरीही लगेच बंद करू नये. त्याची दांडी हळूच मागे घेऊन पाहावी. काहीच फरक पडला नाही, तरच त्याच्या पंख्याची पाती वाऱ्यास आडवी न राहतील अशी फिरवावीत.

ऐनवेळी एवढा विचार कसा सुचावा, ही शंका रास्त आहे. म्हणूनच सुशिक्षित वैमानिक उड्डाणापूर्वी, चाके जमिनीवर असतानाच, कोणत्या क्षणी काय सोडावयाचे हे मोठ्याने उच्चारून ठेवतो. त्या वेळी दोन्ही इंजिने उत्तम चालत असतात.