मोठ्यांना कोण थांबवणार?



मोठ्यांपुढं बोलायचं नाही, हा आपल्या घरांतला जुना संस्कार. सत्संगातही आपण तेच शिकतो, आधी ऐका, नम्र राहा. चांगलंच आहे ते. पण मोठा माणूस चुकतोय हे लहानाला दिसतंय आणि हाती वेळ फक्त चार-पाच सेकंद आहे, अशा वेळी नम्रता म्हणजे नेमकं काय?

7 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी केरळात कोळिकोडला हा प्रश्न खराखुरा उभा राहिला. कोरोनात दुबईला अडकलेल्यांना घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान येत होतं. आत 190 जण. कॅप्टन दीपक साठे म्हणजे आपल्या नागपूरचं घर, वायुसेनेत नाव काढलेले, दहा हजार तासांहून जास्त उड्डाण केलेले.

आठवत असेल, त्यानंतर आपल्या ग्रुपांवर एक मेसेज खूप फिरला. चाकं उघडलीच नाहीत, कॅप्टननी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं म्हणून लोक वाचले, असा. वाचून डोळ्यांत पाणी यायचं. पण सप्टेंबर 2021 मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला आणि त्यातली हकिगत वेगळीच निघाली. (फॉरवर्ड करण्याआधी थोडं थांबायला हवं, ते असं.)

खरं झालं ते असं. पाऊस जोरात होता. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. पहिल्यांदा उतरता आलं नाही, विमान परत वर नेलं. इथपर्यंत सगळं योग्य. दुसऱ्यांदा उलट्या बाजूनं उतरायचं ठरलं, तेव्हा वारा पाठीमागून होता, सुमारे 14 नॉट, म्हणजे ताशी 26 किलोमीटर. पाठचा वारा विमानाला पुढं ढकलतो, ते लवकर टेकत नाही. धावपट्टी 8,858 फूट लांब, चाकं टेकली 4,438 फुटांवर. निम्मी पट्टी मागं गेली होती, उरलेली ओली होती, आणि ती संपते तिथं खोल उतार. 21 जण गेले, दोन्ही पायलट त्यातच.

दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याइतकं इंधन होतं. मग उतरायचाच आग्रह का? अहवाल म्हणतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघणारी फेरी त्यांनाच न्यायची होती, कारण तिथं कॅप्टन पुरेसे नव्हते. त्याचा दोष अहवालानं कंपनीच्या धोरणाला दिला. मला इथंच अडकायला होतं. ही ओढ लोभाची नव्हती हो, कर्तव्याची होती. लोभ आपल्याला ओळखता येतो, पण कर्तव्याच्या रूपात आलेला हट्ट ओळखणं फार कठीण.

आणि शेजारी बसलेला तरुण सहवैमानिक? त्यानं पाहिलं होतं. आधी तो आडून बोलला, जरा बघा अशा अर्थाचं. मग दबक्या आवाजात नुसतं 'कॅप्टन' म्हणाला. चाकं टेकायच्या बेतात असताना म्हणाला, 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, वर न्या. तोवर उशीर झाला होता. अहवालानं कॅप्टनची चूक सांगितली, तशी त्याचीही सांगितली. कॅप्टन ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यानं विमान स्वतःच्या हाती घ्यायला हवं होतं. नियम तसा आहे. पण आपल्यापैकी कोणाच्या हातून ते झालं असतं? काकाजींच्या हातून गाडीचं स्टिअरिंग कोणी ओढलंय का कधी?

दहा वर्षांआधी, 22 मे 2010 ला, मंगळूरला हवा चांगली होती. तिथंही सहवैमानिक 'गो अराउंड' म्हणत राहिला, कॅप्टन उतरत राहिले. 158 जण गेले. म्हणजे पाऊस निमित्त होता, असंच म्हणावं लागतं.

विमानवाल्यांनी यावर एक वाट काढलीय, ती मला फार आवडते. दोघांपैकी कोणीही 'गो अराउंड' म्हटलं की विमान आधी वर न्यायचं, चर्चा मागून. आणि ते विनाकारण म्हटलं गेलं असं नंतर दिसलं, तरी म्हणणाऱ्याला रागवायचं नाही. इथं लहानाला धीट व्हायला सांगून काम मोठ्यावर टाकलंय. लहान बोलला तर त्याला महाग पडू नये, हे मोठ्यानं बघायचं.

आमच्या घरी आम्ही असा एक शब्द ठरवून घेतला, 'थांबा'. पावसाळ्यात वारासिवनीच्या आसपासच्या रपट्यांवरून पाणी वाहतं, आणि 'अरे, निघून जाते गाडी' म्हणणारे आपल्याकडं कमी नाहीत. मागच्या पावसात अंधारात नात मागच्या सीटवरून ओरडली, "बाबा, थांबा!" मुलानं ब्रेक मारला. उतरून टॉर्चनं बघितलं, रपटा कोरडा होता. तो परत येऊन बसला, तिला म्हणाला, "काही नाही बेटा, पाणी नाहीये," आणि गाडी सुरू केली.